पाण्यावरची धार

प्रस्तावना

दुकानातून आणलेली कोरी पटाशी धारदार नसते. ती मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरून आणलेली असो की कोपरखैरण्यातल्या कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातून, कारखान्यात तिला उतार दिलेला असतो तो भरड चाकावर. पात्याच्या पाठीवर त्या चाकाचे ओरखडे तसेच असतात आणि गंज चढू नये म्हणून वरून पारदर्शक रोगण फासलेले असते. आपण पैसे मोजून घेतो ती वस्तू अर्धी घडलेली असते. उरलेली घडण वापरणाऱ्याच्या हातावर सोडलेली असते. रंध्याच्या पात्याचेही तेच. गावातल्या सुताराला हे सांगावे लागत नसे. लोहाराने पाते घडवून, त्याला पाणी देऊन हातात ठेवले की पुढचे काम आपले, हे तो बापाच्या शेजारी बसूनच शिकलेला असे. आज ते सांगावे लागते, दाखवावे लागते. पाण्यावर चालणाऱ्या दगडांनी सुतारी हत्यारांना धार कशी लावायची, एवढ्या एकाच विषयावर ही पुस्तिका लिहावीशी वाटली ती त्यामुळे.

ती कोपरखैरण्यात लिहिली गेली, हेही सांगितले पाहिजे. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या एका अंगाला एमआयडीसीचा ट्रान्स ठाणे क्रीक औद्योगिक पट्टा, ज्याला इथे सगळे टीटीसी म्हणतात. दुसऱ्या अंगाला १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने आखलेले सेक्टर, माथाडी कामगारांची वसाहत, छोट्या भूखंडांवर भिंतीला भिंत लावून उभी राहिलेली आणि पुढे मजल्यांनी वाढत गेलेली घरे. या सगळ्याच्या आधीपासूनची खैरणे, बोनकोडे ही आगरी-कोळ्यांची गावे अजूनही मध्येच आपला तलाव, आपले देऊळ राखून आहेत. अशा ठिकाणी घरे कधी पूर्ण होत नाहीत. कुणी माळा घालतो, कुणी ओट्याखालची कपाटे बदलतो, कुणाकडे लग्न निघते आणि पलंग करायचा असतो. वर्षातल्या कुठल्याही दिवशी आसपास कुठे ना कुठे मिस्त्री काम करत असतो.

त्याच्या पिशवीत कटर असतो, ड्रिल असते, सनमायकाच्या कडा घासायचा ट्रिमर असतो, आणि तळाशी एक-दोन पटाश्या. पटाशीच्या वाट्याला आता फार थोडे काम उरले आहे: बिजागरीची खाच, कुलपाचे घर, प्लायच्या कोपऱ्यात राहिलेला चुकार तुकडा. ती बोथट झाली की मिस्त्री अँगल ग्राइंडर चालू करतो, ठिणग्यांचा फवारा उडतो आणि मिनिटभरात पटाशी पुन्हा पिशवीत जाते. याला आळस म्हणणे अन्यायाचे होईल. राजस्थानातून, उत्तर प्रदेशातून, आपल्या कोकणातून आलेला हा माणूस चौरस फुटावर पैसे घेतो. धारेसाठी घालवलेला वेळ त्याला कुणी मोजून देत नाही. शिवाय प्लाय आणि सनमायका यांना बारीक धारेची कदर नाही. त्यांच्यातला चिकटवायचा रेझिन तर धार खातोच.

पण ग्राइंडरवर नेमके काय होते, हे एकदा नीट पाहावे. पटाशीचे पोलाद तापवून थंड पाण्यात किंवा तेलात बुडवले की ते काचेसारखे कडक आणि ठिसूळ होते. मग ते पुन्हा बेताने, साधारण दोनशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून त्यातला ठिसूळपणा घालवतात. कडकपणा आणि चिवटपणा यांचा हा तोल लोहाराच्या किंवा कारखान्याच्या भट्टीत साधलेला असतो. ग्राइंडरचे चाक फिरू लागले की पात्याची सगळ्यात पातळ जागा, म्हणजे नेमकी धार, सगळ्यात आधी तापते, कारण उष्णता शोषून घ्यायला तिथे धातूच नसतो. पोलाद आधी गवती पिवळे पडते, मग तपकिरी, मग जांभळट आणि तीनशे अंशांच्या जवळ निळे. निळी झालेली कड मऊ झालेली असते. तिला कितीही धार लावा, सागाच्या दोन खाचा मारल्या की ती वळते. तो निळा भाग पूर्ण घासून काढल्याशिवाय ती पटाशी पूर्वीची होत नाही, आणि तो घासून काढायला हात पुन्हा ग्राइंडरकडेच जातो. अशा रीतीने चांगल्या पटाश्या बोटाएवढ्या आखूड होऊन भंगारात जाताना मी पाहिल्या आहेत. वाईट वाटते, कारण त्यांतल्या काहींचे पोलाद खरोखर उत्तम होते.

पाण्याच्या दगडावर पाते तापतच नाही. पण त्याचा खरा गुण वेगळा आहे. या दगडात ॲल्युमिनियम ऑक्साइडचे किंवा सिलिकॉन कार्बाइडचे अत्यंत बारीक कण एका सैलशा बंधनात धरलेले असतात. पाते घासले की वरचे बोथट झालेले कण सुटून जातात आणि खालचे ताजे, टोकदार कण उघडे पडतात. पाणी ही सुटलेली भुकटी आणि पोलादाचे बारीक कण वाहून नेते. देवघरातल्या सहाणेवर चंदन उगाळताना खोड झिजते आणि सहाण तशीच राहते. इथे दोन्ही झिजतात, आणि मधे जो राखाडी लगदा तयार होतो तोही घासायचे काम करतो. दगड स्वतःला झिजवत राहतो म्हणून तो भराभर कापतो. त्याच कारणाने तो मधे खोलगट होतो आणि पुन्हा पुन्हा सपाट करावा लागतो. हे दोन्ही एकाच गुणाचे परिणाम आहेत, हे ज्याला कळले त्याला पुढचे सगळे सोपे जाते.

आपल्याकडच्या सुतारांना ओळखीची आहे ती तेलाची पथरी. एक बाजू भरड, एक बारीक, वर मशिन ऑइल किंवा रॉकेलचे दोन थेंब. ती पक्की असते, वर्षानुवर्षे टिकते आणि स्वस्त असते. पण तिची बारीक बाजूही सुतारी धारेच्या मानाने भरडच असते. कण बंधनात इतके घट्ट बसलेले असतात की ते सुटत नाहीत, जागच्या जागी गुळगुळीत होतात. तेल सुकून छिद्रे बुजतात आणि पथरी कापायची थांबते. मिस्त्री तिच्यावर जोर वाढवतो, आणि जोर वाढला की हात डुलतो, कोन बिघडतो, धार गोल होते. तेलाच्या पथरीवर उत्तम धार लागतच नाही असे मी म्हणणार नाही. अमेरिकेतल्या आर्कान्सासच्या नैसर्गिक दगडांवर तेल घालून सुतारांच्या पिढ्यांनी लखलखीत धारा काढल्या आहेत. पण ते दगड इथे सहज मिळत नाहीत, आणि मिळतात त्या पथऱ्या त्या दर्जाच्या नसतात.

पाण्याचा दगड परदेशी चोचला वाटत असेल तर आपल्याच इतिहासाकडे थोडे वळावे. कुरुंद हा हिऱ्याखालोखाल कठीण दगड दक्षिण भारतात पूर्वापार सापडतो. त्याची भुकटी लाखेत मिसळून केलेल्या चाकांवर इथले कारागीर रत्ने घासत आणि हत्यारे पाजळत. धार लावण्याचा धंदा पिढीजात करणारे शिकलगार महाराष्ट्रात गावोगाव होते. त्यांची सगळ्यात विलक्षण कहाणी मिरजेची आहे. तलवारी, भाले यांचा काळ ओसरला तेव्हा एकोणिसाव्या शतकात मिरजेतल्या फरीदसाहेब यांच्यासारख्या शिकलगारांनी आधी तंबोरे दुरुस्त करायला घेतले, मग स्वतः घडवायला सुरुवात केली. पोलादावर बसलेला हात लाकडावर आला. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा आणि तुणाचे लाकूड यांतून उभा राहिलेला मिरजेचा तंबोरा आणि सतार हिंदुस्तानभरच्या गवय्यांच्या मागे जाऊन बसली. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. तंबोऱ्याची दांडी तासताना तुणाचे मऊ, रेषाळ लाकूड बोथट पात्याखाली फाटते, पिंजते. शिकलगाराच्या हाताला ते आधीच माहीत होते, आणि लाकडातले बाकी कौशल्य त्याने धारेच्या पायावर उभे केले. मला तरी सुतारकामाच्या इतिहासात याहून बोलका दाखला आठवत नाही.

घासायच्या पदार्थांचा आधुनिक इतिहासही आपल्यापासून फार लांब नाही. एडवर्ड ॲचेसन यांना अमेरिकेत १८९१ साली विजेच्या भट्टीत सिलिकॉन कार्बाइड सापडले. ते कुरुंदाहूनही कठीण होते, आणि हवे तेवढे तयार करता येऊ लागले. भारतात ग्राइंडिंग व्हील बनवण्याची सुरुवात झाली ती १९४१ साली, ग्राइंडवेल कंपनीच्या उरणजवळच्या मोरा इथल्या कारखान्यात. तीच पुढे ग्राइंडवेल नॉर्टन झाली. कोपरखैरण्याहून उरण म्हणजे खाडीकाठाने पुढे गेले की लागणारे गाव. पुढे मद्रासला १९५४ मध्ये कार्बोरंडम युनिव्हर्सल आली. टीटीसीतल्या शेकडो वर्कशॉपांत लेथची हत्यारे, डाय, कटर यांना जी धार लागते ती अशाच चाकांवर. या पट्ट्यातला टूलरूमचा कामगार मायक्रॉनच्या भाषेत विचार करतो. रस्ता ओलांडला की तेच कौशल्य सुताराच्या पटाशीपर्यंत पोहोचत नाही, ही खंत या पुस्तिकेमागे आहे. पुस्तिकेचे पहिले वाचक म्हणून माझ्या डोळ्यांसमोर असलेला एक गट हाच आहे: पाळीवरून घरी आलेला, हाताला मापाची सवय असलेला आणि सुटीच्या दिवशी लाकडाचे काहीतरी करावेसे वाटणारा कामगार.

पाण्याचे दगड मात्र ज्यांनी सुतारीच्या केंद्रस्थानी आणले ते जपानी. क्योटोच्या परिसरातल्या डोंगरांत सापडणाऱ्या बारीक पोताच्या गाळाच्या दगडांवर तिथल्या सुतारांनी शतकानुशतके धार लावली. भरड दगड अरातो, मधला नाकातो, शेवटचा शिआगेतो अशी त्यांची उतरंड. जपानी पटाशी आणि रंध्याचे पाते दोन थरांचे असते. मागे अतिशय कडक पोलादाचा पातळ पापुद्रा, पुढे मऊ लोखंडाचा जाड थर, दोन्ही भट्टीत एकजीव केलेले. एवढ्या कडक पोलादाला चटकन कापणारा दगड लागतो, आणि मागची बाजू मुद्दाम किंचित पोकळ ठेवलेली असते म्हणजे ती सपाट करायला कमी धातू घासावा लागतो. हत्यार आणि दगड एकमेकांसाठी घडत गेले. तिथे हातरंध्याच्या स्पर्धा भरतात आणि दहा मायक्रॉनहून पातळ, आरपार दिसणारा लाकडाचा पापुद्रा काढला जातो. त्या पापुद्र्याचा उपयोग काही नसतो. पण रंध्याखालचे लाकूड काचेसारखे चमकते, त्याला कागदाने घासावे लागत नाही, आणि पावसाचे पाणी त्यावर लवकर मुरत नाही.

जपानी हत्यारांशी भारताचा एक जुना धागाही आहे. अमेरिकन-जपानी सुतार-वास्तुविशारद जॉर्ज नाकाशिमा १९३०च्या दशकाच्या अखेरीस पुदुच्चेरीला श्रीअरविंद आश्रमाच्या गोलकोंड इमारतीच्या बांधकामावर होते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबले, तेव्हा तिथे गेंतारो हिकोगावा या सुताराकडून ते जपानी हातहत्यारे शिकले. १९६४ मध्ये ते अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत आले आणि तिथे त्यांच्या आराखड्यांवरून फर्निचर घडले. तो धागा पुढे कापडासारखा पसरला नाही, एवढेच.

आता आपल्या घरात येऊ. पाण्याच्या दगडाला वीज लागत नाही, ठिणग्या उडत नाहीत, आवाज म्हणाल तर ओल्या पाटीवर पेन्सिल ओढल्याइतका. भिंतीला भिंत लागलेल्या घरांत, शेजाऱ्याचे बाळ झोपलेले असताना रात्री दहा वाजताही धार लावता येते. पाणी लागते ते तांब्याभर. आपला सुतार जमिनीवर बसून, पायाने लाकूड धरून काम करतो, आणि जपानी सुतारही पारंपरिक पद्धतीने खालीच बसतो. पाटावर ओले फडके, फडक्यावर दगड, आणि गुडघे टेकून पुढे झुकले की अंगाचे वजन आपोआप पात्यावर येते. खांदे दुखत नाहीत. टेबल नसल्याची खंत करायचे काही कारण नाही. उभ्याने करायचे असेल तर ओट्याच्या सिंकवर आडवी फळी टाकून तिच्यावर दगड ठेवावा. मात्र तो राखाडी लगदा सिंकमध्ये सोडू नये, तो नळीच्या वाकणात बसतो. बादलीत गाळ खाली बसू द्यावा आणि वरचे पाणी तेवढे ओतावे.

दगड किती हवेत? बाजारात तीनशेपासून तीस हजारांपर्यंतच्या आकड्यांचे दगड दिसतात आणि नवा माणूस घाबरतो. आकडा जितका मोठा तितके कण बारीक. हजारच्या दगडातले कण १२ ते १५ मायक्रॉनच्या आसपास, चार हजारच्या दगडात ३ मायक्रॉन, आठ हजारच्या दगडात एक-सव्वा मायक्रॉन. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. हे आकडे जपानी मोजपट्टीचे आहेत, सँडपेपरच्या आकड्यांशी त्यांची गल्लत करू नये. कागदावरचा पी २००० हा दगडावरच्या हजारच्या जवळपास येतो. सुरुवातीला एक हजार आणि एक सहा हजार, एवढे दोन दगड पुरतात. मोडलेली धार किंवा खूप खाचा पडलेली कड असेल तेव्हाच तीन-चारशेचा भरड दगड. हजारच्या दगडावर धार जन्माला येते आणि पुढचे दगड तिला फक्त पॉलिश करतात. हजारवर काम अपुरे राहिले तर आठ हजारने ते भरून निघत नाही. नवशिके नेमके इथेच घाई करतात, कारण बारीक दगडावर पाते चमकू लागते आणि चमक म्हणजे धार असे वाटते.

खरी खूण वेगळी आहे. उतार घासत राहिले की एका क्षणी पोलाद कडेवरून पलीकडे वळते आणि पाठीवर बोट आडवे फिरवले तर तारेसारखी बारीक खरखर लागते. आयटीआयमध्ये तिला बर म्हणतात. ती कडेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लागली, म्हणजे दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना भेटले. ती लागत नाही तोवर पुढच्या दगडावर जायचे नाही. एका बाजूला लागते आणि दुसऱ्या बाजूला नाही, याचा अर्थ हात तिरका पडतोय. उताराला मार्कर पेनची शाई फासली आणि दोन-चार वेळा घासले, तर शाई कुठे गेली नि कुठे राहिली यावरून दगड कुठे लागतोय ते उघड दिसते. शेवटची परीक्षा उजेडात करावी. बोथट कड दिव्याखाली पांढरी बारीक रेघ होऊन चमकते, कारण तिला रुंदी असते. खरी धार दिसतच नाही. अंगठ्याने तपासण्याची सवय सोडावी आणि देवदारच्या फळीच्या आडव्या टोकावर पटाशी चालवून पाहावी. मऊ लाकडाचे तंतू चेंगरून तुटले तर ती जागा पांढुरकी, खडबडीत दिसते. कापले गेले तर गडद आणि गुळगुळीत.

दगड सपाट ठेवणे हे या सगळ्यातले कंटाळवाणे वाटणारे आणि तरी सगळ्यात महत्त्वाचे काम आहे, म्हणून त्यावर पुस्तिकेत लांबलचक प्रकरण आहे. खोलगट दगडावर सरळ धार लागू शकत नाही, हात कितीही बसलेला असो. उपाय स्वस्त आहे. ओट्यासाठी ग्रॅनाइट कापताना सिंकच्या जागेचा जो तुकडा उरतो, तो मार्बलवाल्यांकडे पडून असतो. पोलादी पट्टी उभी धरून, मागे उजेड ठेवून तो सपाट आहे का ते तपासून घ्यावे. त्यावर रंगारी वापरतात तो २२०चा काळा वॉटर पेपर पाण्याने चिकटवावा. दगडावर पेन्सिलीने जाळी आखावी आणि जाळी पूर्ण पुसली जाईपर्यंत घासावे. मधल्या रेषा राहिल्या तर दगड मधे अजून खोल आहे. मग दगड वाहत्या पाण्याखाली धुवावा, नाहीतर कागदाचा भरड कण त्याच्या अंगात रुततो आणि पुढच्या पात्यावर ओरखडा काढतो. कडाही थोड्या मारून घ्याव्यात, म्हणजे टवके उडत नाहीत. प्रत्येक पात्यापूर्वी अर्धे मिनिट हे केले तर कधीच अर्धा तास करावे लागत नाही.

सगळे दगड सारखे भिजवायचे नसतात, ही गोष्ट पाकिटावर जपानीत लिहिलेली असते आणि आपण ती वाचत नाही. काही दगड सच्छिद्र असतात. ते दहा-पंधरा मिनिटे, बुडबुडे थांबेपर्यंत पाण्यात ठेवावे लागतात. काहींवर वरून पाणी शिंपडले की पुरते. मॅग्नेशियाच्या बंधनाने बांधलेले दगड तासन्‌तास पाण्यात ठेवले तर मऊ पडतात आणि वाळताना तडकतात. विकत घेतानाच विचारून घ्यावे. जपानच्या थंड भागात ओला दगड गोठून फुटतो, ती भीती आपल्याला नाही. आपली भीती पावसाळ्याची. जूनपासून पुढे चार महिने खाडीवरून येणारी दमट हवा कोपरखैरण्यात कपाटातल्या कपड्यांनाही सोडत नाही. नुकतीच धार लावलेले, धुतलेले पोलाद तर तिच्या तावडीत सगळ्यात आधी सापडते. रात्री तसेच ठेवलेले पाते सकाळी तांबूस ठिपके घेऊन बसते. म्हणून दगड बाजूला ठेवण्याआधी पाते कोरडे पुसून त्यावर शिलाई मशिनच्या तेलाचे बोट फिरवायचे. दगड सावलीत, वारा लागेल असे उभे करून वाळवायचे. बंद डब्यात ओले ठेवले तर त्यांवर बुरशी धरते.

लाकडाबद्दलही दोन शब्द, कारण धार शेवटी कुठल्या लाकडासाठी लावतो त्यावर कोन ठरतो. आपल्याकडचा राजा साग. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातून बल्लारशाच्या डेपोवर येणारा साग देशभर मागितला जातो. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये तिथूनच लाकूड गेले. सागाला तेल असते, तो चिवट असतो, रंध्याखाली सुगंधी साली सोडतो आणि पाहता पाहता पाते बोथट करतो, कारण त्याच्या पेशींत सिलिका, म्हणजे वाळूचाच बारीक कण असतो. सागावर काम करणाऱ्याने धार लावायला लाजू नये, दिवसातून तीनदा लावावी. हलक्या हाताने तासायच्या पटाशीला २५ अंश चालतात, रोजच्या कामाला कडेपाशी ३०, आणि हातोड्याखाली खोल भोके मारायच्या पटाशीला ३५. कोन धरायला बाजारात छोट्या चाकाची गाडी मिळते. ती वापरण्यात कमीपणा मानू नये. हात बसेपर्यंत ती खरी गुरू आहे, आणि काहींना ती कायमच सोयीची वाटते. दोन्ही पद्धतींची प्रकरणे पुस्तिकेत आहेत.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आपल्याकडे हत्यारांची पूजा होते. टीटीसीतल्या कारखान्यांत लेथना झेंडूचे हार घातले जातात, मिस्त्री आपली करवत, रंधा, पटाश्या पाटावर मांडून हळद-कुंकू वाहतो. माझी मनापासून इच्छा आहे की त्या पाटावर मांडलेल्या पटाश्या दोन दिवस आधी दगडावर उतरलेल्या असाव्यात. पूजा करणाऱ्याचा भाव खरा असतो, आणि त्या भावाला शोभेल असे हत्यार पाटावर असावे.

शिकवण्याबद्दल. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेल्या विज्ञान आश्रमाने दाखवून दिले आहे की शाळेतली मुले हातांनी काम करत विज्ञान उत्तम शिकतात. धार लावणे हा तशा शिक्षणाला अगदी योग्य पाठ आहे. कोन, घर्षण, कठीणता, मापन, निरीक्षण हे सगळे एका दगडावर, तासाभरात, आणि शेवटी मुलाच्या हातात लाकडाची एक आरपार दिसणारी साल. नवी मुंबईतल्या एखाद्या शाळेने कार्यानुभवाच्या तासाला हे करून पाहावे. साहित्याचा खर्च एका क्रिकेट बॅटहून जास्त होत नाही. पटाशीने मुले हात कापून घेतील असे पालकांना वाटते, पण हात कापतो तो बहुधा बोथट पटाशीने, कारण तिच्यावर जोर लावावा लागतो आणि जोराने लावलेले हत्यार निसटते तेव्हा ते कुठे जाईल यावर ताबा नसतो.

पुस्तिकेची पहिली तीन प्रकरणे पटाशीच्या पाठीवर आहेत, उतारावर नाहीत. वाचकाला हे विचित्र वाटेल. बहुतेक जण नवी पटाशी हातात आली की थेट उतार घासायला बसतात. पण धार दोन पृष्ठभागांच्या भेटीची रेघ असते, आणि त्यातला एक पृष्ठभाग ओरखड्यांनी भरलेला राहिला तर दुसरा कितीही आरशासारखा झाला तरी रेघ करवतीसारखी दातेरीच राहते. पाठ सपाट करायचे काम पात्याच्या आयुष्यात एकदाच करावे लागते, तेही फक्त टोकाकडच्या दोन-तीन सेंटिमीटरमध्ये. ते लांबते, हात भरून येतो, बोटे काळी होतात आणि मधेच सोडून द्यावेसे वाटते. अर्धा इंची पटाशीपासून सुरुवात करावी. ती अरुंद, म्हणून लवकर सपाट होते आणि रोजच्या कामातही तीच सगळ्यात जास्त लागते. दगड भिजत टाकावा, तेवढ्या वेळात पहिले प्रकरण वाचून होते.